नाताळच्या ताटांतील फज

नाताळची सुटी लागण्यास आठ दिवस उरले म्हणजे वर्गांतील मुलांचें लक्ष फळ्यावर राहत नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर शिक्षकांचेंही फारसें राहत नाहीं. अशाच एका दुपारीं, गेल्या वर्षीं, नववीच्या वर्गांत आम्हीं सहज विचारलें कीं, नाताळांत तुमच्या घरीं काय काय करतात? मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्यानें उत्तर दिलें, "सर, आमच्याकडे करीत नाहींत, आणतात." वर्ग हंसला. आम्हीही हंसलों. परंतु सायंकाळीं घरीं जातांना तें उत्तर आमच्या मागोमाग चालत आलें. कारण दोन वर्षें झालीं, आमच्या स्वतःच्या घरींही नाताळचें गोडधोड करण्यांत येत नव्हतें, आणण्यांत येत होतें.

शाळेच्या वार्षिकांत वडीची चर्चा करावी हें कित्येक पालकांस विचित्र वाटेल. या पानांवर वाचन, व्यायाम, शिस्त, वक्तशीरपणा हे विषय शोभतात, आणि त्यांवर आमच्या सहकाऱ्यांनीं आमच्याहून चांगलें लिहिलेंही आहे. परंतु आमचा नाइलाज आहे. या वर्षीं ज्या गोष्टीविषयीं आमचें मत पक्कें झालें, ती गोष्ट चॉकोलेटची वडी ही आहे, जिला इंग्रजींत फज म्हणतात. आमचें म्हणणें असें कीं, या सुटींत मुलांनीं, मुलींनीं तशीच मुलग्यांनींही, ही वडी आपल्या हातानें एकदां तरी करावी, आणि ती सोप्या रीतीनें केली तरी चालेल. या शेवटल्या सवलतीविषयीं आमच्या मित्रमंडळींत मोठा वाद आहे. त्याकडे पुढें येऊंच.

आमच्या शेजारीं एक ब्राह्मण कुटुंब राहतें. दिवाळींत त्यांच्याकडून फराळाचें ताट विणलेल्या रुमालाखालीं झांकून येतें, व नाताळांत आमच्याकडून त्यांच्याकडे जातें. हा क्रम आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. ताट रिकामें परत करावयाचें नाहीं, निदान त्यांत चिमूटभर साखर घालावयाची, हा दोन्ही घरांचा नेम. आमच्या ताटांत करंज्या, शंकरपाळे, केकचे तुकडे असत. पण त्या घरच्या मुलांचा डोळा असे तो फजच्या वडीवर. पुढें आमची पत्नी व आम्ही दोघेंही नोकरींत गुंतलों, आणि ताटाच्या जागीं बेकरींतलें एक सुबक खोकें जाऊं लागलें. खोकें परत करावें लागत नाहीं. तेव्हां तिकडून परतीची साखर येणेंही आपोआप थांबलें. दुसऱ्या वर्षीं त्या घरच्या काकू आमच्या पत्नीस जिन्यांत भेटल्या व म्हणाल्या, "वहिनी, यंदाही वडी नाहीं का हो? तें खोकें काय, कोणाकडूनही येतें." त्यांत रुसवा नव्हता, सहज प्रश्न होता. म्हणूनच तो अधिक लागला.

आतां हें फज म्हणजे काय, हें आमच्या तरुण वाचकांस सांगणें अवश्य आहे, कारण बहुतेकांस तें लोणावळ्याच्या दुकानांतील चिक्कीच्या शेजारचा डबा म्हणूनच माहीत आहे. (तो डबा उत्तम असतो, आम्हीं पुष्कळदां आणला आहे व पुढेंही आणूं.) हा पदार्थ फार पुराणा नाहीं. एमेलिन हार्ट्रिज नांवाची एक विद्यार्थिनी अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील वासर महाविद्यालयांत शिकत होती. तें त्या काळीं केवळ मुलींचें महाविद्यालय होतें. तिनें पुढें एका पत्रांत लिहून ठेविलें आहे कीं, १८८६ सालीं बाल्टिमोर शहरीं ही वडी ४० सेंटांस एक पौंड या भावानें विकली जात असे. तिची कृति आपण मिळविली, आणि १८८८ सालीं महाविद्यालयांतील लिलावासाठीं आपण ३० पौंड वडी केली. वासरहून ती वेलस्ली, स्मिथ इत्यादि मुलींच्या महाविद्यालयांत गेली. रात्रीं दिवे मालविण्याची वेळ टळून गेल्यावर या विद्वान् मुली खोलींतील गॅसच्या दिव्यावर पातेलें धरून फज आटवीत, अशी हकीगत सांगतात. आमच्या वसतिगृहाच्या मुलांनीं ही हकीगत केवळ इतिहास म्हणून वाचावी. तिचें अनुकरण करूं नये.

तात्पर्य, हा पदार्थ कसबी हलवायांनीं नव्हे, तर परीक्षेच्या धाकांतल्या विद्यार्थिनींनीं लोकप्रिय केला. मग तो आमच्या मुलांस कठीण कां वाटावा?

कोणी म्हणतील, हा परदेशी खाऊ आम्हांस कशाला? त्यांस आमचें उत्तर थोडक्यांत आहे. कोकोचें झाड दक्षिण अमेरिकेकडचें व चॉकोलेट हा शब्द मेक्सिकोकडचा, हें खरें. परंतु या वडींत सर्वांत अधिक भरणा असतो तो साखरेचा, आणि साखर येथून तिकडे गेली आहे. आपल्या शर्करा शब्दाचा फारसी व अरबी मार्गानें इंग्रजींत शुगर झाला, आणि खंड, म्हणजे खडीसाखर, याचा कँडी झाला. भाषेच्या तासाला मुलांस हें सांगितलें म्हणजे त्यांचे डोळे लकाकतात. व्याकरण शिकवितांना ते तसे लकाकत नाहींत. शिवाय दूध व साखर आटवून वडी पाडणें आपल्या लोकांस कोणीं शिकवावयास नको. आपली बर्फी, आपली नारळाची वडी, गोव्यांतील ख्रिस्ती घरांच्या नाताळच्या कुस्वारांतला दोस, ज्यांत हरभऱ्याची डाळ, ओला नारळ व साखर एकत्र आटवितात, हीं सर्व फजचीं नात्यांतलीं माणसें आहेत.

सर्वांत जवळचें नातें पाकाचें. फजचें सारें यश पाकावर आहे. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, दूध, साखर व कोको यांचें मिश्रण ११२ ते ११५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावें, आणि थंड पाण्यांत त्याचा थेंब टाकला असतां बोटांनीं त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. आमच्या आज्यांनीं उष्णतामापक पाहिला नव्हता. परंतु वाटींत पाणी घेऊन त्यांत थेंब सोडणें व "आतां गोळीबंद झाला" असें म्हणून पातेलें खालीं उतरविणें त्यांच्या हातांतलें होतें. दोन्ही गोष्टी एकच. किंबहुना वाटीची परीक्षा अधिक विश्वासू आहे. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच. तेथें पाणी १०० अंशांवर न उकळतां सुमारें ९६ अंशांवरच उकळतें. त्यामुळें तेथें मापकाचा आंकडा पाहत बसणाऱ्याचा पाक कडक होईल, कारण त्यानें चार अंश आधींच थांबावयास हवें होतें. वाटींत थेंब टाकणारी बाई मात्र मुंबईंत व पांचगणींत सारखीच बरोबर. विज्ञानाच्या आमच्या सहकाऱ्यांनीं हें उदाहरण वर्गांत अवश्य घ्यावें.

पाक झाल्यावर पुढें जें करावयाचें असतें तें मुलांस सर्वांत कठीण जातें, कारण तेव्हां कांहींच करावयाचें नसतें. पातेलें खालीं उतरवून, वर लोण्याचा गोळा ठेवून, तें स्वस्थ निवूं द्यावें. ढवळूं नये, हालवूं नये, चमचा चाटून त्यांत पुन्हां बुडवूं नये. पातेल्याच्या बुडास हात लावला असतां नुसतें कोमट लागलें, म्हणजे सुमारें ४५ अंश झालें, कीं मग लांकडी कालथा घेऊन घोटावयाचें. दहा मिनिटें, पंधरा मिनिटें, हात भरून येईपर्यंत. चकाकी जाऊन मिश्रण दाट व मंद दिसूं लागलें कीं तूप लावलेल्या ताटांत ओतावें. याचें कारण असें: गरम पाकांत जेवढी साखर विरघळून राहते तेवढी निवलेल्या पाकांत राहूं शकत नाहीं, ती बाहेर पडण्यास निमित्त शोधीत असते. पाक गरम असतांना ढवळलें तर थोडे कण होतात व ते मोठे वाढतात, आणि वडी रवाळ, वाळूसारखी लागते. निवल्यावर घोटलें तर एकाच वेळीं असंख्य कण निघतात, कोणासच वाढावयास साखर उरत नाहीं, आणि जिभेस त्यांचा कण म्हणून बोधच होत नाहीं. मऊ फज व रवाळ फज यांच्या सामानांत अंतर नाहीं, अर्ध्यापाऊण तासाच्या धीरांत आहे.

प्रमाण असें: साखर ४०० ग्रॅम, दूध पाव लिटर, कोको ४० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, व मिठाची एक चिमूट. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आंच मंद असावी व तोंपर्यंत ढवळावें. उकळी आल्यावर ढवळणें थांबवावें. पातेलें मोठें व जाड बुडाचें घ्यावें, कारण दूध वर येतें. येथें एक गंभीर सूचना. उकळता पाक पाण्याहून अधिक तापलेला असून तो कातडीस चिकटून बसतो. मोठें माणूस जवळ असल्यावांचून लहानांनीं या कृतीस हात घालूं नये. भाजलेंच तर तो भाग वीस मिनिटें नळाच्या साध्या थंड पाण्याखालीं धरावा. टूथपेस्ट, तूप, बर्फ यांतलें कांहीं लावूं नये, आणि फोड मोठा असल्यास डॉक्टरांकडे जावें.

ही कृति आमच्या घरीं आली ती आमच्या आजीकडून. आजी तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगांत शिकली. त्या मिशननें १८३१ पासून तेथें काम केलें होतें. तेथील एका मडमबाईंनीं नाताळांत मुलींकडून फज करविलें, तें आजीनें जन्मभर सोडलें नाहीं. कोको मिळेना तेव्हां ती नुसत्या दुधाची करी, आणि तरीही तिला 'फजची वडी' म्हणे. आम्ही दहा वर्षांचे असतांना तिनें प्रथमच पातेलें आमच्या स्वाधीन केलें व ती चर्चच्या तालमीस गेली. आम्हांस धीर धरवला नाहीं. पाक उतरतांच आम्ही घोटूं लागलों, आणि पांच मिनिटांत पातेल्यांत तपकिरी साखरेचा दगड झाला. आजी परत आली, तिनें तो चाखला, आणि एक शब्दही न बोलतां त्यांत अर्धी वाटी दूध ओतून पातेलें पुन्हां मंद आंचेवर ठेविलें. साखर विरघळली, पाक पुन्हां आला. मग तिनें घड्याळ आमच्यासमोर मांडलें आणि पातेल्याकडे न पाहतां त्या घड्याळाकडे पाहत बसण्यास सांगितलें. त्या संध्याकाळीं आम्ही जितका वेळ गप्प बसलों, तितका त्यापूर्वीं प्रार्थनेंतही बसलों नसूं.

आतां वादाकडे वळूं. सोपी म्हणून जी रीति आहे ती अशी: आटविलेल्या गोड दुधाचा ४०० ग्रॅमचा डबा, ३५० ग्रॅम चॉकोलेटचे तुकडे व थोडें लोणी एका भांड्यांत घालून तें भांडें गरम पाण्याच्या पातेल्यावर धरावयाचें, सर्व वितळून एकजीव झालें कीं ताटांत ओतावयाचें, तीनचार तास थंड जागीं ठेवून कापावयाचें. पाक नाहीं, गोळी नाहीं, घोटणें नाहीं. येथें वडी धरते ती साखरेच्या कणांनीं नव्हे, चॉकोलेटांतील कोकोच्या लोण्यानें. आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात कीं हें फज नव्हे, ही लबाडी आहे. आणि गंमत अशी कीं इंग्रजींत फज या शब्दाचा दुसरा अर्थ तोच आहे. प्रयोगवहींत न घेतलेले आंकडे जुळवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास त्या क्रियेचें नांव अधिक सांगावयास नको.

आम्हीही पूर्वीं त्या स्नेह्यांच्याच पक्षाचे होतों. सोपें तें हिणकस, असा एक समज आम्हां शिक्षकांच्या हाडींमाशीं खिळलेला असतो. परंतु पालकसभेच्या वेळीं आमच्यासमोर ज्या माता बसतात त्यांच्याकडे आम्हीं नीट पाहिलें. कोणी रुग्णालयांत रात्रपाळी करून सरळ सभेस आलेली असते, कोणी दोन गाड्या बदलून घरीं पोहोंचते तों रात्रीचे आठ वाजतात. त्या बाईस, तूं पाऊण तास पातेलें निववीत बैस, असें सांगणारे आम्ही कोण? तिला वीस मिनिटें मिळतात. त्या वीस मिनिटांत तिनें मुलाला जवळ उभें करून चॉकोलेट वितळविलें, तर तेवढें त्या घरांत झालें. शिवाय या रीतींत उकळता पाक नसल्यामुळें लहान मुलांस ती अधिक निर्धोक आहे. डबा आणि घोटणें यांत आमची निवड घोटण्याची. पण डबा आणि खोकें यांत आम्ही निःसंशय डब्याच्या बाजूचे आहों.

मात्र डब्याच्या बाजूनें बोलतांना एक गोष्ट लपवितां येत नाहीं. सोपी रीति महाग आहे. नुसत्या डब्यालाच शंभर रुपयांहून अधिक पडतात, आणि खऱ्या चॉकोलेटचे त्याहून बरेच अधिक. साखर, पाव लिटर दूध व थोडा कोको यांची वडी त्या मानानें पुष्कळच स्वस्तांत होते. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानें वेळ विकत घ्यावा, आणि ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्यानें हात भरून येईपर्यंत घोटावें, असा हा व्यवहार आहे. पण ज्या घरांत पैसा नाहीं व वेळही नाहीं, त्यांचें काय? आमच्या शाळेंत अशीं घरें थोडीं नाहींत. म्हणून आमची सूचना अशी कीं, दोनतीन घरांनीं मिळून एका ओट्यावर वडी करावी. एकीकडचें दूध, दुसरीकडची साखर, तिसरीकडचा रिकामा असलेला थोरला मुलगा.

त्या थोरल्या मुलाविषयीं दोन शब्द. कित्येक पालक आम्हांस सांगतात कीं, मुलगी असती तर शिकविलें असतें, मुलग्यास स्वयंपाकघरांत काय काम? हा प्रश्न विचारतांना पिता बहुधा आपल्या पत्नीच्या हातचा डबा घेऊनच सभेस आलेला असतो. पंधरा मिनिटें कालथा फिरविण्यास दंडांत जी ताकद लागते ती क्रिकेटच्या संघांत भरपूर आहे. ती घरच्या पातेल्यास उसनी दिल्यानें संघाचें कांहीं नुकसान होणार नाहीं.

दांतांचा व मधुमेहाचा विचार करणाऱ्या पालकांचेंही म्हणणें रास्त आहे. वडी लहान कापावी, ताट मोठें असावें, आणि आजोबांस आग्रह करूं नये. अक्रोड किंवा बदाम घातले असतील तर देतांना तसें सांगावें, कारण कांहीं मुलांस ते मुळींच चालत नाहींत.

राहिली आमच्या घरची गोष्ट. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशीं आमची कन्या व आमचा पुतण्या यांना आम्हीं पातेल्यापाशीं उभें केलें. घड्याळ समोर मांडलें. आम्ही आजीप्रमाणें चर्चच्या तालमीस गेलों, हीच चूक झाली असावी. परत येऊन पाहतों तों वडी ताटांत पडलेली, आणि दोघांचींही मुखें अपराध्यासारखीं. पुतण्यानें सांगितलें कीं तो थांबला होता, "पण पूर्ण नाहीं". वडी आंतून बरी होती, कडेला रवाळ. पुन्हां दूध घालून आटविण्यास वेळ नव्हता. मध्यरात्रीच्या उपासनेची घंटा व्हावयाची होती. आमच्या पत्नीनें कडा कापून मुलांस दिल्या, मधल्या वड्या पितळी ताटांत मांडल्या, वर तोच जुना रुमाल घातला, आणि पुतण्या तें ताट घेऊन शेजारीं गेला.

ताट दोन दिवस परत आलें नाहीं. आठवडा गेला, तरी आलें नाहीं. संक्रांतीच्या दिवशीं काकू स्वतः तें घेऊन आल्या; त्यांत तिळाच्या वड्या होत्या. पुतण्या दार उघडावयास गेला होता. त्याच्या हातीं ताट देऊन त्या म्हणाल्या, "तुमची वडी जरा रवाळ झाली होती बरें का. माझा पाकही यंदा थोडा पुढें गेला आहे, दांत जपून खा."